तहानलेल्या वाफ्याचा कैवारी

झारीदादाला कुणाची तहान बघवत नसे. हे वाक्य कुणाच्याही शोकसभेत शोभून दिसेल, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं, की ह्या एका सद्गुणापायी त्याने जितकी झाडं मारली तितकी किडीनेही मारली नसतील.

लहानपणी आई त्याला दात दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली, तर ह्या पठ्ठ्याने बाहेरच्या खोलीतल्या फुलांना पेल्यापेल्याने पाणी घातलं. फुलं प्लास्टिकची होती. डॉक्टरांचा गालिचा मात्र खरा होता. पुढे लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोने त्याला कुंडीतला एक निवडुंग भेट दिला, कारण निवडुंगाचं फारसं काही करावं लागत नाही. तो बिचारा पंधरवड्यात बुडून मेला. हे बघूनही तिने लग्न मोडलं नाही, म्हणजे बाई धीराचीच म्हणायची. घरातली मांजर तर खाऊन खाऊन अशी फुगली होती, की दार अर्धं उघडं असलं तर ती आत यायचा विचारच सोडून द्यायची. आणि पाहुणे? ते जेवायला बसतानाच ताटावर एक हात आडवा धरून बसायचे आणि दुसऱ्या हाताने जेवायचे.

अशा माणसाला नोकरी कुठे मिळावी? गव्हाच्या संशोधन केंद्रात, वाफ्यांना पाणी द्यायची.

खरं तर तो त्या कामाला फार चांगला होता. नळी कुठे वळवायची, पाणी कुठे तुंबतं, कुठल्या कोपऱ्यात माती पाणी पिऊन घेते आणि कुठल्या कोपऱ्यात ते नुसतं वरून पळतं, हे त्याला तळहातासारखं ठाऊक होतं. सकाळी गेटातून आत आला की आधी वाफ्यांवरून एक चक्कर. ‘काय, बरं आहे ना?’ असं तो गव्हाला विचारायचा आणि गहू काही बोलला नाही की बरं आहे असं धरून चालायचा. झारी हे नाव त्याला तिथेच पडलं. नळी बिघडली असताना त्याने अख्खा वाफा एका झारीने भिजवला होता, आणि थांब म्हटलं तरी थांबला नव्हता.

त्याची बायकोही त्याच केंद्रात होती, पण आत, प्रयोगशाळेत. तिला सगळे मावशी म्हणत. नवरा दादा आणि बायको मावशी, हे नातं कसं जुळवायचं ह्याच्या भानगडीत केंद्रातलं कुणी पडलं नाही. मावशीचं काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक वाफ्यातल्या गव्हाचं थोडं पीठ घ्यायचं, त्याची लहानशी गोळी मळायची आणि नळाच्या बारीक धारेखाली धरून बोटांनी चोळत बसायचं. पिठातला पांढरा भाग दुधासारखा वाहून जातो आणि हातात राहतो तो चिवट, पिवळसर, रबरासारखा गोळा. त्याच गोळ्याच्या जोरावर पाव फुगतो. गोळा ताणला तर किती लांब जातो, तुटतो की परत येतो, ह्यावरून गहू कसा ते ठरतं. मशीनही होतं तिथे, पण मशीन अधूनमधून रुसायचं. मावशीचा हात कधी रुसला नाही. जोराने चोळलं तर गोळा धारेबरोबर निसटून जातो आणि हळू चोळलं तर पांढरं आत राहतं. तिच्या हातून ह्यातलं काहीच कधी झालं नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा तिला अभिमान होता. असायलाच हवा होता.

तर त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे केंद्राच्या मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी, नवा प्रयोग मांडला. एकाच जातीचा गहू, खोलीएवढे तीन वाफे. बाईंनी दादाला बांधावर उभं करून समजावलं.

“हे बघा दादा. पहिल्याला पाणी पूर्ण, खत पूर्ण. दुसऱ्याला पाणी पूर्ण, पण युरिया अजिबात नाही. तिसऱ्याला खत पूर्ण, पण दाणा भरायला लागला की पाणी बंद. एकदम बंद.”

“बंद म्हणजे... कमी?”

“बंद म्हणजे बंद. पाणी कमी पडलं की दाणा बारीक राहतो, पण आतून कडक आणि चिवट होतो. भरपूर पाणी पाजलं की टपोरा होतो, पण आत नुसतं भुसभुशीत पीठ. आणि युरिया मिळाला नाही तर पिठाला ताणच येत नाही. हे नेमकं किती होतं ते आपल्याला मोजायचंय. कळलं ना?”

“कळलं की,” दादा म्हणाला. पण त्याच्या कानात दोनच गोष्टी शिरल्या होत्या. एकाला उपाशी ठेवायचं आणि एकाला तहानलेलं. संध्याकाळपर्यंत त्याने तिघांची नावंही ठेवली. पहिला लाडोबा, दुसरा उपाशी, तिसरा तहानेला.

ओंब्या बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग दाणा चिकात आला, म्हणजे नखाने दाबला की आतून दूध यावं असा झाला, आणि बाईंनी तहानेल्याचं पाणी तोडलं. ऊन तर असं, की बांधावरचा लोखंडी पाइप हाताला चटका देई. लाडोबा हिरवागार डोलत होता. शेजारी तहानेल्याची पानं दुपारपर्यंत सुरळीसारखी गुंडाळली गेली. दादाला ते बघवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तो त्याच बांधावर बसला.

जेवल्यावर त्याने डबा धुतला. आता डबा धुतलेलं पाणी कुठेतरी टाकावंच लागतं. ते तहानेल्यात पडलं. मग हात धुतले. मग चूळ भरली. दुसऱ्या दिवशी डबा जरा जास्त खरकटा झाला होता, तो बादलीभर पाण्याने धुवावा लागला. असं करत करत नळी एक दिवस तहानेल्याकडे तोंड करून तिथेच राहिली आणि दादा लाडोबाकडे पाठ करून ढग बघत उभा राहिला. ढग नव्हते. ‘मी काही पाणी दिलं नाही,’ तो स्वतःला म्हणाला, ‘नळी गळली.’ जुनी नळी. गळणारच. त्यानंतर ती रोज गळू लागली.

मग उपाशाचं वाईट वाटायला लागलं. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला न्याय? युरिया द्यायचा नाही हे बाईंनी बजावलेलं होतं, आणि दादा आज्ञाधारक माणूस. त्याने युरिया दिला नाही. त्याने फक्त युरियाची रिकामी पोती धुतली. इतकी वर्षं ती पोती कोपऱ्यात तशीच पडून असायची, पण त्या वर्षी दादाला स्वच्छतेचा झटका आला. पोती उलटी करून, चांगली झटकून, पिळून पिळून धुतली आणि ते पाणी उपाशाच्या मुळाशी ओतलं. धुतलेली पोतीही पुन्हा धुतली. बाई एकदा तिथून जाताना थांबून म्हणाल्यासुद्धा, “वा दादा, टापटीप शिकावी तर तुमच्याकडून.” दादाने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

कापणी झाली, मळणी झाली, पिशव्या भरून चिठ्ठ्या लागून प्रयोगशाळेत गेल्या, आणि तिथे गाडं अडलं.

मावशीने लाडोबाचं पीठ धुतलं, ठीक निघालं. मग उपाशाचं. ते धारेखाली विरघळून जायला हवं होतं, पण हाताला लागला तो असा मस्त गोळा की ताणला तर कोपरापर्यंत यावा. तिने परत धुतलं. परत तोच गोळा. मग तहानेल्याची पिशवी उघडली. बारीक कडक दाण्याऐवजी आतून चांगले गुबगुबीत दाणे निघाले, पोटावर पांढरे डाग असलेले. त्याचा गोळा ताणायला जावं तर मधेच तुटे. मशीनही पहिल्यांदाच मावशीच्या बाजूने बोललं, पण त्याचा उपयोग उलटाच झाला: धुणं बरोबर, म्हणजे पिशव्याच चुकल्या असणार.

मोठ्या बाईंनी आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मावशी, ह्या दोन पिशव्या बदलल्या गेल्यात. उपाशाच्या... म्हणजे दुसऱ्या वाफ्याच्या जागी तिसरा आणि तिसऱ्याच्या जागी दुसरा.” दादाने ठेवलेली नावं एव्हाना बाईंच्याही तोंडात बसली होती.

“माझ्या हातून?” मावशी म्हणाली.

“होतं हो. वय काय फक्त तुमचंच झालंय? आपण सगळेच विसरतो.” बाई मनापासून बोलत होत्या आणि तेच जास्त लागत होतं. “असं करू, पुढच्या हंगामात नळावर दुसरं कुणीतरी बसेल. तुम्ही पिशव्या शिवायच्या. बसून काम. पाय दुखायला नकोत.”

मावशी घरी आली. दादाने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. सांगून टाकावं असं त्याला त्याच क्षणी वाटलं. पण सांगितलं तर आपली रवानगी कुठे होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोदामात. गोदामात नुसती पोती असतात. पोत्यांना तहान लागत नाही, पोती वाऱ्यावर डोलत नाहीत आणि पोत्यांना ‘काय, बरं आहे ना?’ विचारलं तर माणसाला डॉक्टरकडे नेतात. दादा गप्प बसला. असा चांगला माणूस असा कसा गप्प बसला, असं कुणाला वाटेल. भित्रा होता म्हणून बसला. चांगली माणसंसुद्धा भित्री असतात.

मग घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. आधी मिठाच्या बरणीवर ‘मीठ’. मग साखरेच्या बरणीवर ‘साखर’. ह्यात काही वावगं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात दोन्ही दात घासायच्या ब्रशांवर ‘माझा’ आणि ‘ह्यांचा’ आलं, खिडकीला ‘बंद केली का?’, आणि मांजरीच्या पट्ट्याला ‘हिचं खाऊन झालंय’.

“अहो,” तिने एकदा जेवताना विचारलं, “भाजीत मीठ दोनदा पडलंय का?”

“नाही गं. छान झालीय.”

“नक्की? तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल.” आणि मग ताटाकडे बघत ती हळूच म्हणाली, “मला आठवतंय हो. पिशवी उघडली, चिठ्ठी वाचली, पीठ काढलं. सगळं आठवतंय. म्हणजे मला जे आठवतं तेही खोटंच असेल का?”

दादाने ताट बाजूला सारलं. भाजीत मीठ अजिबातच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कामावर जायला शर्ट चढवला तर खिशावर एक चिठ्ठी चिकटवलेली. ‘नवरा. अदलाबदल करू नये.’ त्याने वळून बघितलं. मावशी हसत होती, चेष्टेनेच लावली होती तिने, पण डोळे हसत नव्हते. तिला खरोखरच भीती वाटत होती. तिची ती भीती दादाने आपल्या हाताने, बादलीबादलीने भरली होती.

मग मात्र तो थांबला नाही. गेटातून आत आला तो वाफ्यांकडे न जाता सरळ प्रयोगशाळेत, एका खांद्यावर नळी, दुसऱ्यावर धुतलेली पोती, हातात जेवणाचा डबा आणि खिशावर ती चिठ्ठी तशीच. बाई आणि मावशी नळापाशी उभ्या होत्या. उपाशाचं पीठ शेवटचं म्हणून मावशी परत धुवत होती.

“बाई,” दादा म्हणाला, “डबा फार खरकटा व्हायचा.”

“काय?”

“आणि नळी गळायची. म्हणजे मीच गळवायचो. आणि ही पोती... ही मी स्वच्छतेसाठी नाही धुतली.”

बाईंना काही उलगडेना. त्यांनी ‘नवरा’ ही चिठ्ठी वाचली आणि त्या आणखीनच गोंधळल्या. शेवटी दादाने जमिनीवर तीन वाफे करून दाखवले. नळी हा लाडोबा, पोती हा उपाशी, डबा हा तहानेला. आणि कुणाला काय पाजलं ते चूळ भरण्यासकट सगळं सांगितलं. चूळ तर करूनसुद्धा दाखवणार होता, पण बाईंनी थांबवलं.

“म्हणजे पिशव्या बदलल्या नव्हत्या,” बाई सावकाश म्हणाल्या. “वाफेच बदलले होते. मला वाटलंच होतं कुठेतरी पाणी मुरतंय. पण ते खरोखरीच मुरत असेल असं काही मला वाटलं नव्हतं.”

मावशी खुर्चीत बसली. “माझं डोकं ठीक आहे,” ती म्हणाली. मग हसायला लागली. “अहो बाई, माझं डोकं ठीक आहे!” ती हसली, हसता हसता रडली, आणि मग तिला आठवलं की हा सगळा प्रताप कुणाचा. हातात उपाशाचा गोळा होताच. तिने तो नेम धरून फेकला. तो दादाच्या टकलावर बरोबर मधोमध बसला आणि तिथेच राहिला. पोत्यांचं पाणी पिऊन पोसलेला गहू तो, त्याची चिकाटी वाखाणण्यासारखीच होती. बाईंनी स्वतः ओढून बघितला, तर तो वीतभर ताणला गेला आणि परत टकलावर जाऊन बसला.

“आकडा बरोबर होता तुमचा, मावशी,” बाई म्हणाल्या. “मीच चुकले. माफ करा मला.”

पण सगळा हंगाम वाया गेला होता, आणि तो प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दादा गोदामात जायच्या तयारीने पोती उचलू लागला. बाईंनी त्याला जरा वेळ तसाच उचलू दिला, कारण त्यांनाही राग आला होता. मग म्हणाल्या, “वाफ्यांवर तुम्हीच राहा. एवढ्या प्रेमाने पाणी देणारा दुसरा मला मिळायचा नाही. पण मुख्य नळाला कुलूप लागेल आणि किल्ली मावशींच्या गळ्यात राहील. त्या देतील तेव्हाच पाणी. मावशी, व्हाल ना झारीतले शुक्राचार्य?”

“आनंदाने,” मावशी म्हणाली.

पुढच्या हंगामात दाणा चिकात आल्यावर तहानेल्याचं पाणी पुन्हा तोडलं. दादा दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीशी आला.

“अगं, एक पेलाभर. मला प्यायला.”

“प्यायचं पाणी माठात आहे.”

तो गेला. जरा वेळाने बाई धावत आल्या, कारण दादा तहानेल्यावर छत्री धरून उभा होता. छत्री काढून घेतली. मग तो पुठ्ठ्याने वारा घालताना सापडला. पुठ्ठा काढून घेतला. मग मात्र तो नुसता बांधावर बसून राहू लागला, आणि ते बघून बाईंना वाटलं की माणूस सुधारला.

मावशीला तसं वाटलं नाही. तिने माठ बघितला, तर पाण्याची पातळी हललेली नाही. डब्याबरोबरची बाटली बघितली, ती भरलेलीच. तेव्हा तिच्या लक्षात आलं. ह्या वेड्याने पाणी सोडलं होतं. तहानेल्याला मिळत नाही तर मलाही नको, म्हणून भर उन्हात ओठ सुकवून त्याच्याशेजारी बसून राहिला होता.

ती पेला भरून घेऊन गेली. “तोंड उघडा.”

“ठेव. पितो मग.”

“मी ओळखून आहे तुम्हाला. पेला हातात दिला तर अर्धा मातीत जाईल. उघडा तोंड.” तिने एका हाताने त्याची हनुवटी धरली आणि पेला स्वतः त्याच्या ओठाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत पाजला. “हा गहू तहानेला राहिला तर चिवट होतो. तुम्ही राहिलात तर मला घरी एकटीला जावं लागेल. समजलं?” त्या दिवसापासून रोज दुपारी ती पेला घेऊन बांधावर जायची, आणि तो पाळण्यातल्या बाळासारखा तोंड उघडायचा. येणारेजाणारे हसायचे. हसू देत.

कापणी झाली. तहानेल्याची पिशवी ह्या वेळी खरंच हलकी भरली. दाणे बारीक, सुरकुतलेले, पण आतून काचेसारखे कडक. मावशीने पीठ धुतलं, धुतलं, आणि गोळा मुठीत घेऊन तशीच बाहेर आली. दादा पायरीवर बसला होता.

“हे टोक धरा. आणि मागे सरका.”

तो सरकला. गोळा ताणत गेला, बारीक होत गेला, उन्हात त्यातून पलीकडचं दिसायला लागलं, तरी तुटला नाही. मशीनपाशी उभ्या असलेल्या बाई आतून ओरडल्या, “मावशी, आकडा जमला! अगदी बरोबर जमला!”

“बघा,” मावशी म्हणाली, “हा तुमचा बिचारा.”

दादाने गोळ्यातून पलीकडच्या वाफ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, “आता झालं ना सगळं? आता देऊ का त्याला पाणी?”

तिसऱ्या वाफ्यात आता काहीच नव्हतं. कापलेल्या गव्हाचे वाळके बुडखे आणि भेगा पडलेली माती. मावशीने त्या मातीकडे एकदा बघितलं. गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

तो जवळजवळ पळतच गेला. नळी ओढत नेली, त्या रिकाम्या वाफ्याच्या कडेला उभा राहिला आणि पाणी सोडलं. कोरडी माती आवाज करत पाणी पिऊ लागली. वाफा भरला, बांधावरून वाहू लागला, दादाचे पाय चिखलात रुतले, तरी तो पाजतच राहिला. मावशी पायरीवरून बघत होती, पण नळ बंद करा म्हणून तिने एकदाही हाक मारली नाही.